चारशे बारा शेतकऱ्यांची सिद्धता

१२ जुलै १९७६, सांगली
आजपासून नियमित लिहायचं. संशोधकाला तारखा लागतात.
साखर कारखान्याने काम दिलं. ऊसतोडीच्या पाळ्यांची यादी कॉम्प्युटरवर करायची. शेतकरी ४१२. ज्याच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याची तोड आधी. कॉम्प्युटर पुण्यात आहे. मी अजून पाहिलेला नाही. गरजही नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे हे कागदावर सिद्ध करायचं, की झालं. भारतात हे करणारा बहुधा मी एकटाच.

१९ जुलै
कारखान्याच्या शेतकी खात्याचे हेडक्लार्क लालासाहेब भेटले. आजवर यादी हेच हाताने करत. म्हणाले, "आवं सर, आदी चार-पाच नावं घालून बगा की चालतंय का." त्यांना समजावलं: चाचणी घेणं म्हणजे गणितावर अविश्वास. त्यांनी शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. प्रभावित झाले असावेत.

२ ऑगस्ट
आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी गणित विभागाचं प्रमुखपद घ्याल का विचारलं. नकार दिला. यादी यशस्वी झाली की कारखाना कॉम्प्युटर विभाग काढणार, मी त्याचा मुख्य. चेअरमन भाऊसोंना तसं बोललो होतो. ते म्हणाले, "बघू." म्हणजे होकारच.
बायको, गुणमाला, दुपारपासून बोलत नाही.

१६ ऑगस्ट, सकाळी ७
सिद्धता पूर्ण! पानं ४७. प्रोग्रॅमची प्रत्येक फेरी, प्रत्येक पायरी तपासली. शेवटी यादी लागणीच्या तारखेनुसार क्रमाने लागते, यात तिळमात्र शंका नाही.
गुणमालाने चाळून पाहिली. यात उसाचं काही दिसत नाही म्हणाली.

२१ ऑगस्ट, सातारा
इथल्या कॉलेजात व्याख्यान: 'संगणक आणि तर्कशास्त्र'. श्रोते सात. चौघे एस.टी.ची वेळ होताच उठले. उरलेल्या तिघांपैकी एकाने कॉम्प्युटर पत्रिका जुळवतो का विचारलं. महाराष्ट्र तयार नाही.

२४ ऑगस्ट
प्रोग्रॅम, नावं आणि लागणीच्या तारखा रजिस्टर पोस्टाने पुण्याला. कॉम्प्युटरला लागणारी भोकांची कार्डं तिथेच पंच करतील. लालासाहेब म्हणत होते, स्वतः जाऊन या. वेळ कुठे आहे? सिद्धता इंग्रजीत टाईप करायची आहे.

२० सप्टेंबर
यादीचं पार्सल आलं, लाखेचं सील लावून. गुणमाला म्हणाली, "उघडून बघा तरी." बघितलं नाही. शनिवारी शेतकऱ्यांच्या सभेत, सगळ्यांसमोर सील तोडणार. उघडून बघणं म्हणजे माझाच माझ्यावर विश्वास नाही असं होईल.

२५ सप्टेंबर
सभा झाली.
भाऊसोंनी ओळख करून दिली. मी वीस मिनिटं तर्कशास्त्रावर बोललो. सील तोडलं. माइकवरून वाचायला लागलो.
पहिला: तात्याबा शिंगाडे. टाळ्या.
दुसरा: तात्याबा शिंगाडे. मला वाटलं, ओळ चुकली.
तिसरा: तात्याबा शिंगाडे. पान उलटलं. सगळीकडे तात्याबा शिंगाडे.
हे तात्याबा मागच्या रांगेतून उठले. "आवं सर, माजा ऊस ईस गुंठं हाय. कितींदा तोडशिला?"
हशा थांबेना. भाऊसो पाणी प्यायला म्हणून गेले, ते आलेच नाहीत.

२६ सप्टेंबर
कारण सापडलं. दोन नावांची अदलाबदल करताना पहिलं नाव क्षणभर बाजूला ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही. दोन्ही जागी एकच नाव उरत गेलं.
पण सिद्धता बिनचूक आहे! यादी क्रमानेच आहे. एकाच माणसाची तारीख स्वतःच्या मागे कशी जाईल? सगळे शेतकरी यादीत असले पाहिजेत असं मी मांडलंच नव्हतं. कारखान्यानेही लेखी दिलं नव्हतं.
हे भाऊसोंना समजावायला गेलो. शिपायाने मीटिंग चालू आहे म्हणून सांगितलं. आत रेडिओ वाजत होता.

२८ सप्टेंबर
प्रमुखपदाबद्दल माझा फेरविचार प्राचार्यांना कळवला. पद गेल्या महिन्यातच शांतिनाथला दिलंय. तो माझा विद्यार्थी. कॉपी करायचा.

५ ऑक्टोबर
लालासाहेबांनी हाताने यादी केली. दीड दिवसात. मी तीन दिवस बसून तपासली. एक तरी चूक सापडावी अशी फार इच्छा होती. एकही नाही. एक विधवा बाई, राहीबाई, तेवढ्या क्रम सोडून वर घेतल्या होत्या. तिथे बोट ठेवलं. लालासाहेब म्हणाले, त्यांच्या विहिरीचं पाणी आटलंय, ऊस वाळायला लागलाय, थांबून चालायचं नाही.
मग यादी बरोबर आहे हे सिद्ध कशावरून, असं विचारलं.
"समदी वळकीची मानसं हायती, सर."
हे कसं मांडायचं ते सुचत नाही. एक पान लिहून फाडलं.
उद्यापासून पहिल्या वर्षाला त्रिकोणमिती. टाइमटेबल शांतिनाथने लावलंय.