बापूची बाजू

मंगळ., ६ फेब्रु.
धुळे जेलमधला माझा वर्ग बंद! आज नानांना पूर्वपक्ष करायला दिला होता. समोरच्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं, तो 'हो, हेच' म्हणाला की मगच आपलं. जन्मभर कॉलेजात हेच शिकवलं, कुणाचं काही बिघडलं नाही. नानांना बापूची बाजू मांडायला लावली. दोघं एकाच गावचे, एकाच मारामारीतले समोरासमोरचे आरोपी. नाना निम्म्यापर्यंत आले नि अडले. "तेनं बठ्ठं खरं शे का मंग?" म्हणजे सगळं त्याचंच खरं का? बापू हसला. झालं! नानांच्या हातातली पाटी बापूच्या कपाळावर.
अधीक्षकसाहेब म्हणाले, "मॅडम, पुरे."

बुध. ७
जळगाव. गुडघे. दिवसभर पडून. अक्काचा फोन. "बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. आता पुस्तक पुरं कर." न्यायदर्शनाचा इतिहास. रिटायर झाल्यापासून अर्धाच. राग आला. अक्काचा नव्हे, तिचं पटलं म्हणून.

गुरु. १५
धुळे. साहेबांशी वाद. शिक्षण, हक्क, माणूस सुधारणं... सगळं बोलून झालं. "बघू." परतीला पारोळ्यापर्यंत एस्टीत उभी. कशाला करते मी हे? या वयात?

मंगळ. २०
आज वाद नाही. साहेबांचाच पूर्वपक्ष मांडला. शिपाई कमी. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर चौकशी तुमची. बाई संध्याकाळच्या गाडीनं घरी, निस्तरायचं तुम्ही. शिवाय ती पाटी बाईंनीच आत नेलेली.
साहेब म्हणाले, "हो. हेच." चहा मागवला. "आता तुमचं बोला."
काय बोलणार कपाळ! इतकं मन लावून मांडलं की मलाच पटून बसलं. शुक्रवारी येते म्हटलं नि उठले.

शुक्र. २३
जेलच्या फाटकाशी, बाकावर. साहेब मीटिंगला गेलेत. थकवा तोच.
ओळखीचा शिपाई बाहेर आला. नानांचा निरोप. "बाईले सांग, बापूनी बाजू मन्हाकडथून आर्धीच र्‍हायनी. पुरी कराना शे."
"आणि बापू?"
"कपाळाला पट्टी बांधून बसलाय. म्हणतो, उरलेली ऐकल्याशिवाय नानाला सोडत नाही."
शिपायाला म्हटलं, थांबते मी. साहेबांना सांगायला आता माझंही म्हणणं आहे.
साहेब अजून यायचेत.