नळीत घुमलं तर घाबरू नकोस

रविवार

आलो एकदाचा. प्रवासाने पाठ धरली आहे, पण मन हलकं आहे. खोली एकच, पण ऐसपैस. खिडकी अंगणाकडे, आणि कोपऱ्यात नवीकोरी कोळशाची शेगडी. उघडी नव्हे, चांगली लोखंडी, दाराची. तिच्या मागून निघालेली नळी दोन वळणं घेत छतातून वर गेली आहे. मालकीणबाई म्हणाल्या, अजून कुणी पेटवलेली नाही, पहिली काडी तुम्हीच लावायची. मला नव्या सुनेचं तोंड पाहिल्यासारखं झालं.

उद्यापासून कारखान्यात शिलाई यंत्रांच्या दुरुस्तीचं काम. शनिवारी लेक येईल, दवाखान्यातून सुटून थेट इकडेच. डॉक्टरांनी बजावलं आहे, छाती नाजूक झाली आहे, थंडी चालणार नाही आणि धूर तर मुळीच नाही. तेव्हा शनिवारपर्यंत शेगडीला माणसात आणायचं. जन्मभर बिघडलेली यंत्रं वळणावर आणली, ही काय मोठी लागून गेली.

सोमवार

बसवणारा कारागीर सांगून गेला होता म्हणे, की पहिले काही जाळ लहान ठेवा, लोखंडाला सवय होऊ द्या, रंगाचा वास आला तर घाबरू नका. तसंच केलं. खाली कागद, वर बोटाएवढ्या काटक्या, त्या लाल झाल्यावर मूठभर कोळसा. वास आला नि गेला. पण धूर नळीत जायचा सोडून दारातून खोलीत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

डोळे पुसत बसलो होतो, तर नळीतून आवाज. ठक ठक, ठक ठक. मालकीणबाईंना विचारलं तर हसल्या. वरच्या खोलीत त्यांच्या सासूबाई असतात, अंथरुणाला खिळलेल्या. नळी त्यांच्या खोलीतून छपरावरच्या धुराड्याला जाते, जाता जाता त्यांनाही ऊब देते, म्हणून चमच्याने वाजवून आभार मानतात. घर अजून त्यांच्याच नावावर आहे हो, त्यांना गारठ्यात ठेवून कसं चालेल, असंही म्हणाल्या. माणुसकी आहे बाईंना. मीही चिमट्याने नळीवर ठक ठक केलं. म्हातारपणी तेवढंच बोलणं.

मंगळवार

दोष सापडत चालले. राखेचा खण पुरता बसत नव्हता, कानशीने घासून बसवला. नळीतली झडप उलटी लागली होती, ती सरळ केली. दमट कोळसा निवडून बाजूला काढला. शिवाय गार नळी धूर ओढत नाही, हे माझं मीच शोधलं. नळीच्या वळणावर साफसफाईचं झाकण आहे; आधी तिथे कागद जाळायचा, नळी तापली की मग जाळ. अशी ओढ लागली की शेगडी मांजरीसारखी गुरगुरू लागली.

मग नळीत बराच वेळ काहीतरी घूं घूं घुमलं. मालकीणबाई म्हणाल्या, वारा. त्यानंतर पुन्हा धूर मागे. वरची ठकठक मात्र आज जोरात होती. म्हटलं, म्हातारी खुशीत आहे. मीही तितक्याच जोरात उत्तर दिलं.

बुधवार

झाकण काढून लांब बांबू नळीत सारला. दुसऱ्या वळणापलीकडे मऊसं काही लागलं. टोकाला आकडा बांधून ओढलं, तर लोकरीच्या शालीचा तुकडा! कारागिरांची कामं अशीच, हाती असेल ते कोंबून मोकळे. मालकीणबाईंना दाखवला, तर त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या.

लेकीसाठी मोठ्या अक्षरांत कागद लिहून शेगडीशेजारी चिकटवला, मी कामावर असलो तर असावा म्हणून. आधी झाकणापाशी कागद जाळून नळी तापव. धूर मागे आला तर झाकण काढून बांबू घाल. अडलं तर जोर लाव. नळीत घुमलं तर घाबरू नकोस, वारा असतो. ठकठक झाली तर तूही कर, म्हातारीला बरं वाटतं.

गुरुवार

पुन्हा धूर. पुन्हा बांबू. आज मात्र टोक वर कुणी धरून ठेवावं तसं अडलं. मी ढकललं, ते मागे आलं. मग खांदा लावून असा रेटा दिला की वर काहीतरी सुटलं.

काय सुरेख ओढ लागली. धुराचा मागमूस नाही. लेक सुखाने झोपेल इथे.

ठकठक झाली नाही. मी केली. उत्तर नाही. झोप लागली असेल.

शुक्रवार, सकाळ

जाळ करून अंगणात गेलो, आपल्या शेगडीचा धूर बघावा म्हणून.

धुराड्यातून धूर नाही. काठावर दहिवर तसंच गोठलेलं. वर कावळा बसलेला, पंख फुलवून.

मग जातो कुठे?

वर जाऊन बघतो.

शुक्रवार

वही कोटाच्या खिशात होती म्हणून लिहितो आहे.

नळी इथवरच आहे. जमिनीतून कमरेइतकी वर येते नि संपते. उघडी. खिडकी नव्या विटांनी बुजवलेली. भिंती काळ्या.

म्हातारबाई नळीपाशी पडल्या आहेत. उरलेली शाल गळ्यात, मुठीत चमचा. दुसऱ्या तळहातावर माझ्या बांबूच्या टोकाचा गोल उमटला आहे. खोल.

मी डोळे मिटवत होतो त्यांचे, तेव्हा दार लागलं. मालकीणबाई बाहेरून शांतपणे बोलल्या. एवढी कळकळ आहे तर बसा सोबत. लेकीची काळजी नको, मी उतरवून घेईन, सांगेन कारखान्याने परगावी पाठवलंय. आजारी पोर, तिला ऊब लागेलच. शेगडी तर तुम्ही छान लावून दिलीत.

दार जाड आहे. खांदा निखळला बहुतेक.

खालचा जाळ विझला. अजून तरी—

शनिवार

नळीतून खोकला आला. तिचाच. हजारांत ओळखेन.

नळीत तोंड घालून ओरडलो. दोन वळणं. खाली नुसतं घूं घूं जात असणार—

चमच्याने वाजवलं. थांबलो.

खालून ठक ठक.

गुणाची पोर. कागद वाचलाय तिने.

पानं फाडून नळीत टाकली. वळणावर अडकली असणार. आता जळक्या कागदाचा वास. नळी तापवते आहे—

धूर. कोट कोंबला. इकडे थांबला.

खाली खोकते आहे. थांबत नाही. दवाखान्यात पहिल्या दिवशी असाच—

झाकण निघालं. बांबू येतो आहे. अडला. ती जोर लावते आहे, खोकते आहे, मीच लिहिलं—

कोट काढला. मीच.

खोकला थांबला. ओढ चांगली लागली. गुरगुरते आहे.

ठक ठक करते आहे. उत्तर द्यायला हवं. नाहीतर तिला वाटेल, म्हाता