धूर कमी देणारी टाकी

९ जुलै २०१९, मंगळवार

आज सकाळी गोठ्यामागे जाऊन उभा राहिलो आणि प्रफुलने दिलेलं यंत्र ओढलं. पहिल्यांदाच. बैल मान वळवून बघत होता. त्याचीसुद्धा लाज वाटली!

शनिवारी मारुतीसमोर शपथ घेतली. मी आणि उदाराम, दोघांनी एकाच नारळावर हात ठेवून. बिडी बंद. आजचा चौथा दिवस. पहिले तीन दिवस हात थरथरत होते, दोनदा चहा सांडला. काल भाचा प्रफुल नागपूरहून आला, त्याने ते पाहिलं. म्हणाला, "मामा, हे ठेवा. बिडी सोडायलाच असते हे." जाड पेनासारखी बॅटरी, वर काचेची टाकी, टाकीत पुदिन्याच्या वासाचं लिक्विड. बटण दाबायचं, ओढायचं, वाफ येते. राख नाही, ठिणगी नाही.

शपथ मी माझ्यासाठी घेतली नव्हती. गोंदियाच्या डॉक्टरांनी उदारामच्या छातीचा फोटो काढला आणि स्पष्टच सांगितलं – आता धूर गेला तर दिवाळी दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आमच्या दारात. "भाऊजी, थे तुमचंच आयकतात. तुमी सोडाल त थे सोडतीन." मागून उदाराम आला. "बका, तू सोडशील त मी सोडतो. एकट्यानं नाई होत माह्याच्यानं."

पहिलीपासून आम्ही एका पट्टीवर बसलो. दोघांच्या धानाच्या बांध्यांमध्ये एकच धुरा, म्हणजे सामाईक बांध, आणि बिडीचा बंडलही दोघांत एकच असायचा. नाही कसं म्हणणार?

यंत्राचं त्याला उद्या सांगेन. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

११ जुलै

सांगितलं नाही.

प्रफुलला फोन करून विचारलं, उदारामलाही असंच एक आणून दिलं तर? तो जवळजवळ ओरडलाच. "नाही मामा! त्यांच्या छातीत वाफसुद्धा नको. डॉक्टर काय म्हणाले?" म्हणजे मला चालतं, त्याला नाही. मग त्याला सांगून त्याचा जीव कशाला टांगणीला लावायचा, असं मनाला समजावलं. मन फार लवकर समजलं.

१४ जुलै, रविवार

टाकी गळते!

पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर तेलकट डाग. बॅटरी चिकट, चष्म्याची दांडी चिकट, खिशातली हनुमानाची लहान तसबीर चिकट. ती तसबीर पुसताना इतकं अपराधी वाटलं, की यंत्र फेकूनच देणार होतो. फेकलं नाही. प्रफुलला फोन लावला.

"मामा, ती जास्त वाफेची टाकी आहे. तिला घट्ट लिक्विड लागते. तुम्ही पातळ भरलं."

बाटल्या दोन. दोन्हींवर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. घट्ट कोणतं, पातळ कोणतं?

"उलटी करून बघा. हळू वाहते ते घट्ट. आणि हवेची खिडकी बंद केली का?"

कोणती खिडकी? खालची म्हणे. अर्धा तास शोधली. खालची कडी फिरवली की बारीक भोक उघडतं, त्याला खिडकी म्हणतात! सोसायटीचं धानाचं बियाणं, सातबारा, पीकविमा, सगळं मी एकट्याने करतो. आणि ही बोटभर वस्तू मला वेड लावते आहे.

१५ जुलै

धुऱ्यावर उदाराम भेटला. रोज सकाळी भेटतोच. पूर्वी तिथे बसून पहिली बिडी व्हायची, आता नुसतेच बसतो. हातांचं काय करावं ते दोघांनाही कळत नाही. तो गवताची काडी तोडतो, तिचे तुकडे करतो.

"बका, तुह्या अंगाले पिपरमिंटचा वास येऊन राहिला बे."

"गोळ्या खातो. तलफ आली की."

"मंग मले नाई सांगत? एकटाच खाऊन राहिला!"

दुपारी दवनीवाड्याला जाऊन पिपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट आणलं आणि त्याला दिलं. किती खूश झाला! एक खोटं बोललो, आणि ते खरं दिसावं म्हणून दोन कोस सायकल मारली.

१९ जुलै

कॉईल जळली. टाकीच्या आत कापूस भरलेली एक तार असते, ती तापते. नवी बसवली आणि लगेच ओढली. जळक्या चिंधीची चव! डोळ्यांतून पाणी आलं. प्रफुल म्हणतो, कापसावर आधी थेंब सोडायचे, दहा मिनिटं थांबायचं. हे आधी का नाही सांगितलं? "सांगितलं होतं मामा." सांगितलं असेल. तलफ आलेल्या माणसाला दहा मिनिटं थांबायला सांगतात!

माझी बायको रुख्मा चुलीजवळून म्हणाली, "बिडी सोडली त खोकला वाढला. असं त कोनाचंच नाई आयकलं बाप्पा."

मी धानाच्या रोवणीला बाया ठरवायच्या आहेत म्हणून उठून गेलो.

२३ जुलै

प्रफुलने दुसरी टाकी पाठवली. लहान. आता दोन झाल्या आणि डोकं आणखी उठलं.

मोठी एकदा भरली की दिवसभर चालते. ओढायला सैल, छाती भरून वाफ येते, जीव शांत होतो. पण वाफ केवढी! काल गोठ्यावरून ढग उठला, तर मागच्या घरचा मुन्नालाल ओरडला, "बकाराम, गोवऱ्या पेटल्या का रे तुह्या?"

लहान टाकीची ओढ घट्ट आहे. नीट वळलेल्या बिडीसारखी. गालांना तेवढीच मेहनत. वाफ अगदी थोडी, तोंडाबाहेर येता येता विरते. पण दिवसातून तीनदा भरावी लागते, आणि भोक इतकं बारीक की चष्मा लावूनही निम्मं लिक्विड बोटांवर. शिवाय कॉईल आठ दिवसांच्या वर टिकत नाही, असं प्रफुलच सांगतो. मग चांगली कोणती? "तुमच्यावर आहे मामा. ज्याची त्याची आवड."

हे काय उत्तर झालं! नांगराचा फाळ घ्यायला गेलं तर लोहारसुद्धा दोन प्रश्न विचारतो. जमीन कशी आहे, बैल कसे आहेत.

२७ जुलै, शनिवार

मंदिरात भजनानंतर उदाराम उभा राहिला. तो चार माणसांत कधी बोलत नाही. मला वाटलं पाणी मागतो आहे.

"तीन आठवडे झाले आज," म्हणाला. "रात्री झोप येते. जिना चढलो त दम नाई लागला. हे सारं बकारामच्या जोरावर. त्याचं मन पाहतो, मंग माह्यं मन थांबते."

लोकांनी टाळ वाजवले. मुन्नालाल पेटीवर बोटं ठेवून म्हणाला, "आता बकारामच्या गळ्याले धार येईन! आम्हाले बसू दे मांगं." सगळे हसले. मला पुढे बसवलं, पोथी हाती दिली. मी वाचली. कुठे अडखळलो नाही, हेच वाईट वाटतं.

देवासमोर खोटं वागणं मला जमलं, कारण देव विचारत नाही. उदाराम रोज विचारतो. "आज आठवन आली होती का बे?" मी म्हणतो, आली होती. तेवढं तरी खरं असतं.

३० जुलै

लहान टाकी ठरवली. मोठी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवून दिली. प्रफुलला सांगितलं, हिची ओढ बिडीसारखी आहे म्हणून.

या वहीत तरी खरं लिहावं. ओढीसाठी नाही ठरवली. हिचा धूर दिसत नाही. तीन आठवडे कॉईल, कापूस, हवेची खिडकी यांत डोकं घातलं, आणि शेवटी पाहिलं काय – उदारामला कोणती कळणार नाही!

६ ऑगस्ट

रुख्माला सापडलं. पँट धुवायला घेताना खिशात. मला वाटलं चिडेल. तिने ते माझ्यासमोर पाटावर ठेवलं आणि भात वाढत राहिली.

"मले पहिल्या दिवसापासून वास येऊन राहिला होता," म्हणाली.

"मग बोलली काऊन नाही?"

"तुमी सांगान म्हनून थांबली." वरण वाढलं. "देवाले फसवता त फसवा, थो पाहून घेईन. उदारामभाऊले कायले फसवता? थो त तुमच्या भरोशावर जगून राहिला."

म्हणालो, त्याला कळलं तर तो पुन्हा बिडी धरेल. त्याच्याच जिवासाठी लपवतो आहे.

तिने मीठ माझ्याकडे सरकवलं. मी मागितलंही नव्हतं.

१० ऑगस्ट

लहान टाकीही गळायला लागली.

१५ ऑगस्ट, गुरुवार

हे कसं लिहू कळत नाही.

झेंडावंदनाहून परत आलो तर उदाराम ओसरीवर बसलेला. टोपी हातात, डोळे लाल. मला वाटलं घरी काही बरंवाईट झालं. मी जवळ गेलो तसा वाकला आणि माझे पायच धरले.

"बका, शपथ मोडली बे मी. काल रोवना झाला, मजुरानं बिडी पेटवली, मी मांगितली. एक. पूरी ओढली. रातभर छाती दुखली, पन त्याच्याहून जास्त हे दुखलं, का आता तुले काय तोंड दाखवू."

मी त्याला उठवायला हवं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. यंत्र खिशात होतं, नुकतंच ओढून आलो होतो, मांडीला त्याची ऊब लागत होती. आणि मी काय केलं? त्याच्या डोक्यावर हात ठेवला! म्हणालो, "एकदा चुकलास. आता चुकू नको. मारुती माफ करेल."

"तुह्यासारखं मन मले देवानं नाई देलं," म्हणाला. मग डोळे पुसले. जाताना म्हणाला, "प्रायश्चित्त घेतो. एकवीस दिवस एकच वेळ जेवीन."

छातीचा आजारी माणूस. मी त्याला थांबवलं नाही. थांबवायला त्याच्याकडे बघावं लागलं असतं.

१७ ऑगस्ट, शनिवार

मंदिरात गेलो नाही. कणकण आहे म्हणून सांगितलं.

संध्याकाळी प्रफुलचा फोन. "मामा, नवीन टाकी आली आहे, अजिबात गळत नाही. मागवू का?" मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि विचारलं – धूर किती देते?

फोन ठेवल्यावर स्वतःचीच किळस आली. जपाची माळ घेतली. तीन मणी सरकले असतील, तोच हात खिशाकडे गेला.

मोठी, लहान, आता तिसरी. टाक्या निवडत बसलो आहे तोवर दुसरं काही ठरवावं लागत नाही. हे मला आज कळलं असं नाही. आज लिहिलं.

१९ ऑगस्ट

उदारामची बायको आली होती. दारातच उभी, आत यायला तयार नाही.

"भाऊजी, थे जेवून नाई राहिले. एक टाइम म्हनतात, थेही चार घास. काल बांधीत चक्कर आली, पान्यात बसले. मी म्हनलं त मलेच बोलले, बकारामनं एवढं केलं, मी एवढंही नाई करू? तुमी एकदा सांगा ना जी त्याहिले. तुमचं आयकतीन."

रुख्मा आतून माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, सांगतो.

लगेच निघालो. धुऱ्यापर्यंत गेलो. तो पलीकडे पाणी काढायला बांध फोडत होता. दोन फावडी मारायचा आणि कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. मला बघून हात वर केला. मीही केला. आणि परत आलो.

सांगितलं तर बिडी धरेल. नाही सांगितलं तर उपाशी राहील. दोन्हीकडून त्याचाच जीव जातो, माझी फक्त अब्रू. इतका साधा हिशेब करायला मला दीड महिना लागला.

२० ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं.

दोन्ही टाक्या शेणाच्या खड्ड्यात रिकाम्या केल्या, तशाच घेऊन गेलो. तो अंगणात खाटेवर होता. यंत्र आणि टाक्या त्याच्या उशाशी ठेवल्या. म्हणालो, "मी हे ओढत होतो. शपथ घेतली त्याच्या चौथ्या दिवसापासून. गुरुवारी तू पाय धरलेस तेव्हाही खिशात होतं."

त्याने लहान टाकी उचलली, उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली. मला वाटलं शिवी देईल. मी वाट बघत होतो.

"म्हंजे एवढे दिवस मी एकट्यानंच सोडून राहिलो होतो?"

"हो."

त्याने टाक्या बाजूला सारल्या. मग उठून बसला आणि बायकोला हाक मारली, "ताट वाढ ओ. पोटभर वाढजो."

तिने ताट आणलं. तो माझ्यासमोर जेवला. दोनदा भात मागून घेतला. मला जेव म्हणाला नाही.