दोन्ही हातांनी धरलेला खोका

सोमवार, ता. ९
दुपारचे सव्वाबारा

प्रिय ताईस नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल, खोलीतला नळ एकदाचा दुरुस्त झाला असेल आणि शेजारची बाई आता तुझी बादली न विचारता नेत नसेल, अशी आशा करतो. इकडे आई ठीक आहे. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. औषध घेतात, पण बाटली हलवून घेत नाहीत. मी बरा आहे. कारखान्यात काम भरपूर आहे.

हे पत्र गाडीवाले काका तुझ्या हातात देतील. आमचे खोके घेऊन ते आज पाच वाजता निघणार आहेत आणि उद्या सकाळी तुमच्या बिस्किटांच्या कारखान्यात उतरवणार आहेत. पॅकिंगमध्ये जाऊन तुलाच द्या, फाटकावर ठेवू नका, असं मी त्यांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "अरे बाबा, इतकी वर्षं ट्रकभर खोके पोचवतोय, एक पाकीट नाही पोचवणार होय?" तरी मी तुझं नाव पाकिटाच्या दोन्ही बाजूंना लिहिलं आहे.

आधी सशांचं सांगतो.

लेकीच्या वाढदिवसाला तुला रजा मिळाली नाही, म्हणून तू मला मुंगीला दोन ससे घेऊन द्यायला सांगितलं होतंस. "नीट आण, मुकी जनावरं आहेत," असंही म्हणाली होतीस. मी सुट्टीच्या वेळात त्यांच्यासाठी खोका केला. पाच थरांचा पुठ्ठा घेतला. चारही बाजूंना भोकं पाडली, एका बाजूला नऊ, आणि कडा सशांना लागू नयेत म्हणून प्रत्येक भोक आतून घासून घेतलं. मिस्त्री माझ्या मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "ससे आणायचेत का नवरी?"

आमच्याकडे खोक्याचा तळ दोन प्रकारे बंद करतात. तारेच्या पिना मारतात, नाहीतर खळ लावून चिकटवतात. पिनेचं टोक कधीकधी आतल्या बाजूला निघतं. सशांचे तळवे मऊ असतात, म्हणून मी पिना मारल्या नाहीत. खळ लावली, वर विटा ठेवल्या आणि पूर्ण एक दिवस वाळू दिला. त्यावर उभं राहून पाहिलं. तळ हलला नाही.

शनिवारी दुपारी मुंगीला घेऊन गेलो. ससेवाल्याचं घर बसने चाळीस मिनिटांवर आहे. मागच्या अंगणात जाळीचे पिंजरे आहेत. मुंगीने एक पांढरा निवडला आणि एक राखाडी. पांढऱ्याचं नाव साबण आणि राखाडीचं धूर, असं तिने तिथेच ठरवून टाकलं. ससेवाला माझ्या खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वा! खिडक्या आहेत, आता पायरी तेवढी राहिली." मग म्हणाला, "पण ही माझी जाळीची टोपली न्या. परत आणून द्या सवडीने. खोका नको."

मी म्हणालो, "आमचा खोक्यांचाच कारखाना आहे."

"मग निदान खाली पेंढा घाला बचकभर. हे मुततात फार."

मी घडी घालून चार पदरी वर्तमानपत्र आणलं होतं. पेंढ्याने भोकं बुजतील असं मला वाटलं. मी नको म्हणालो. ताई, टोपली तिथे त्याच्या हातात होती. मी नको म्हणालो.

बसमध्ये खोका मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला. "काय आहे त्यात?"

"ससे."

"त्यांची तिकिटं?"

मुंगी म्हणाली, "त्यांना सीट नकोय. ते खालीच बसलेत." सगळी बस हसली. कंडक्टरने तिला पंच केलेला एक कोरा कागद दिला आणि म्हणाला, "घे, दोघांचा पास." तो तिने फ्रॉकच्या खिशात ठेवला. अजून तिथेच आहे. फ्रॉक धुवायचा राहिला आहे.

पुढे रस्त्याचं खोदकाम चालू होतं. बस अर्धा तास एकाच जागी उभी राहिली. तेव्हा माझ्या गुडघ्यांना ओल लागली.

खळ पाण्याने सुटते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ओलसर गोदामात जाणाऱ्या मालाला आम्ही नेहमी पिनाच मारतो, आणि तो नियम नव्या माणसांना मीच समजावून सांगतो. तरी पिनेच्या टोकाचा विचार करताना तेवढा एक विचार माझ्या डोक्यात आला नाही. मांडीवर ओल लागल्यावर मात्र लगेच आला. मी तळाखाली दोन्ही हात घातले. आपला थांबा आला, तसेच उतरलो. थांब्यावरून घर दिसतं. मधे एकच रस्ता.

रस्ता ओलांडताना सायकलच्या दुकानासमोर तळ सुटला. धूर खाली पडला आणि पळाला. मुंगी ओरडली, "मामा, धूर!" तिचा हात सुटला आणि ती त्याच्या मागे धावली. डावीकडून मालाची तीनचाकी येत होती.

तू मघापासून शोधत असशील, की पहिल्या चार ओळींत आई आहे, बाबा आहेत, खोकल्याची बाटलीसुद्धा आहे, मग मुंगी का नाही. ती इस्पितळात आहे, ताई. मी तिथल्याच बाकावर बसून लिहितो आहे. ती जिवंत आहे. शुद्धीवर आहे. डोक्याला काही नाही, डॉक्टरांनी फोटो काढून पाहिलं. डाव्या मांडीचं हाड मोडलं आहे. परवा, बुधवारी सकाळी नऊ वाजता ऑपरेशन आहे. हाडात सळई घालणार आहेत. पाय पूर्ववत होईल का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लहान आहे, हाड भरून येईल. लांबीत थोडा फरक राहू शकतो. आत्ताच सांगता येणार नाही." थोडा म्हणजे किती, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजपट्टी घेऊन आलात का?" मग माझ्याकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे केली.

शनिवारी संध्याकाळी आणि काल सकाळी, दोन्ही वेळा मी तुला फोन केला तो हेच सांगायला. तू विचारलंस, "ससे पोचले का?" मी म्हणालो, पोचले. तू म्हणालीस, "दोन्ही?" मी म्हणालो, दोन्ही. काल तू मुंगीला फोन द्यायला सांगितलंस, तेव्हा ती सशांशी खेळते आहे असं मी म्हणालो. तू हसलीस. त्या हसण्यानंतर पुढचं वाक्य मला जमलं नाही. आई म्हणते, "ऑपरेशन पार पडू दे, मग कळवू. नोकरी नवी आहे तिची, कोण रजा देणार? उगाच तिथे रडत बसेल." आईला हे पत्र माहीत नाही.

साबण घरी आहे. धूर सापडला नाही. सायकलवाला दुकानाबाहेर कोबीची पानं ठेवतो. दोनदा जाऊन पाहिलं, पानं तशीच होती.

एवढं लिहून मी मघाशी पत्राची घडी घातली होती. पाकिटात भरली, आणि पुन्हा बाहेर काढली. वर एक वाक्य खोटं आहे. शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी तू मला शुद्धलेखन घालायचीस, तेव्हा म्हणायचीस की खाडाखोड करू नकोस, चुकलं ते चुकलं म्हणून खाली नीट लिही. म्हणून ते वाक्य तसंच ठेवून खाली लिहितो.

मुंगीचा हात सुटला नाही. मी तो धरलाच नव्हता.

कारखान्यात पहिल्या दिवशी मिस्त्रींनी सांगितलं होतं की भरलेला खोका कधी एका हाताने उचलायचा नाही. तळाचा भरवसा नसेल तर मुळीच नाही. सहा वर्षं मी तसंच करत आलो. बसमधून उतरल्यावर मुंगीने नेहमीसारखा हात वर केला. मी म्हणालो, "हात नाही रिकामा. शर्ट धर." तिने शर्टाचं टोक धरलं. खोका थांब्यावरच खाली ठेवता आला असता. साबण आणि धूर दोन्ही पळाले असते तरी काय झालं असतं? घर समोर दिसतंय म्हणून मी चालत राहिलो.

तिचे वडील गेल्यावर तू तिला इथे ठेवलंस ती आई-बाबांच्या नाही, माझ्या भरवशावर. निघताना दारात एकच गोष्ट सांगितलीस. "बाहेर पडलास की तिचा हात सोडू नकोस." दुसरं काहीच सांगितलं नव्हतंस.

आणखी एक आहे. तिला धक्का बसला तेव्हा माझ्या हातात खोका होता, आणि त्यात साबण एका कोपऱ्याला पाय रोवून बसला होता. मी धावलो नाही. मी आधी वाकून खोका रस्त्याच्या कडेला ठेवला, साबण निसटू नये म्हणून तळाच्या पाकळ्या आत मुडपल्या, आणि मग धावलो. तोवर तीनचाकीवाल्याने तिला उचललं होतं. हे कोणी पाहिलं असेल असं वाटत नाही. काल मी घरी तसाच वाकून, तसाच खोका ठेवून घड्याळ पाहिलं. सात सेकंद लागतात.

हे सगळं माझ्यापुरतं असतं तर ऑपरेशन झाल्यावर सांगितलं असतं, आणि तू जे म्हणशील ते ऐकलं असतं. पण तेवढं थांबता येत नाही. कारण असं आहे.

इस्पितळात जो येतो त्याला आई सांगते, "पोरगी ऐकत नाही हो, मामाचा हात सोडून पळाली." मी शेजारी थर्मास धरून उभा असतो. पहिल्यांदा बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, आणि मग दर वेळी ते जास्त अवघड होत गेलं. मुंगी डोळे मिटून असते, पण झोपलेली नसते. काल दुपारी आई घरी गेल्यावर ती मला म्हणाली, "मामा, आईला सांगणार का?"

"काय?"

"मी शर्ट सोडला ते."

मी तिची चादर सारखी केली. ती म्हणाली, "तू तक्रार केलीस तर आई मला न्यायची नाही. सांगू नकोस ना."

तुला आठवत असेल. मागच्या महिन्यात फोनवर तू तिला गमतीने म्हणालीस, "मामाची एकही तक्रार आली नाही, तर नवीन खोलीत राहायला घेऊन जाईन." तुझी गंमत होती. तिने ती मनात घट्ट धरून ठेवली आहे. तेव्हापासून ती दूध न सांगता पीत होती, चपला जोडीने ठेवत होती. आता ती रडतसुद्धा नाही. हाड ताणून ठेवायला पायाला टांगलेलं वजन नर्सने सरकवलं तेव्हा चादर तोंडात धरली, पण आवाज केला नाही. नर्स म्हणाली, "किती शहाणी मुलगी!" मला उठून बाहेर यावं लागलं.

आज सकाळी मी तिला सगळं सांगितलं. म्हणालो, "तुझी चूक नाही, माझी आहे, मीच हात दिला नाही." तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस." माझ्या म्हणण्याचा उपयोग होत नाही, ताई. हे तिला तूच सांगायला हवं. बुधवारी नऊच्या आधी, तिला आत नेतील त्याच्या आधी.

म्हणून विनंती. काकांचा माल उद्या अकरापर्यंत उतरेल. गाडी रिकामी परत येणार आहे आणि त्यांच्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे. त्यांना सगळं माहीत आहे. वाटेत तुला काही विचारणार नाहीत, तसं मी सांगितलं आहे. रजा मिळाली नाही, तर तुमच्या साहेबांना हे पत्र दाखव. माझी नालस्ती झाली तर होऊ दे. आलीस की माझ्याशी बोलू नकोस, हवं तर कधीच बोलू नकोस. मी दाराबाहेर उभा राहीन. आधी आत जा.

चार वाजून दहा मिनिटं झाली. काका पाचला निघतात आणि कारखाना इथून वीस मिनिटांवर आहे. नेहमी मी पत्र पुन्हा वाचून ऱ्हस्वदीर्घ तपासतो. आज नाही तपासत.

शेवटचं लिहितो ते तिच्यासाठी आहे. तिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा तूच मोठ्याने वाचून दाखव. खाली सही आहे, तीही दाखव. तिला माझी सही ओळखता येते.

मुंगीबद्दल मामाची एकही तक्रार नाही. आधीही नव्हती. शनिवारी मुंगीने मामाकडे हात मागितला होता, मामाने दिला नाही.

— मामा