दोन शेड हलका

२ मार्च, सोमवार

आजपासून सिगारेट बंद. कायमची. विषय संपला.

(जेवणानंतर एक ओढली. पण ती सकाळीच पाकिटातून काढून खिशात ठेवलेली होती, म्हणजे ठरवण्याच्या आधीची. ती धरायची नाही.)

प्रेसमध्ये नवीन काम आलं. आम्ही खोके छापतो: साबणाचे, औषधांचे, बिस्किटांचे. मी रंग जुळवतो. गिऱ्हाइकाने सही करून दिलेला नमुना, म्हणजे मास्टर, आणि मशीनवरून आलेला कागद एका पेटीत शेजारी शेजारी ठेवायचे. पेटीत ठरलेला पांढरा उजेड असतो, त्यात काही लपत नाही. दोन्हीत फरक दिसेनासा झाला की मी मान हलवतो. या मान हलवण्याचा मला पगार मिळतो.

नवीन काम सिगारेटच्या पाकिटांचं. वर धोक्याच्या सूचनेचा फोटो, आरोग्य खात्याने पाठवलेला. कुणाचं तरी वासलेलं तोंड आणि गालाच्या आत पांढुरका डाग. मास्टर एकदाच पाहिला आणि लिफाफ्यात घालून कपाटात टाकला.

रात्री दात घासताना सहज आपला गाल ओढून पाहिला. नसता उद्योग.

३ मार्च, मंगळवार

डावीकडे, मागच्या दाढेपाशी. पांढुरका. बोटाने घासला, ब्रशने घासला. जात नाही.

गरम चहाने भाजलं असणार. किंवा दाढ घासत असणार. किंवा जीवनसत्त्व कमी पडलं असणार, हल्ली सगळ्यांनाच कमी पडतं. कारणं पुष्कळ आहेत. शिवाय दुखत अजिबात नाही. दुखलं असतं तर गोष्ट वेगळी.

संध्याकाळी: असले डाग दुखत नाहीत, हेच त्यांचं वाईट असतं, असं मोबाईलवर वाचलं. मोबाईलवर वाचणं आजपासून बंद.

जीभ मात्र दिवसभर तिकडेच जाते आहे. मीटिंगमध्येसुद्धा. साहेबांनी विचारलं, तोंडात काय चघळतोस?

५ मार्च, गुरुवार

फोटो मशीनवर चढला. पहिला कागद हातात आला आणि निसटून खाली पडला. शाई ओली होती.

फोटो फारच मवाळ वाटला. धोक्याची सूचना म्हणजे कशी, बघून माणसाची बोबडी वळली पाहिजे. मशीनवाल्याला सांगितलं, डागाभोवती लाल चढव, काळा चढव. या मशीनवाल्याला सगळे इंजिन म्हणतात. पूर्वी सतत धूर काढायचा म्हणून. छातीत नळी घातल्यावर सिगारेट सोडली, नाव तेवढं राहिलं. तो म्हणाला, मास्टरशी ताडून बघा एकदा. मी म्हणालो, मास्टर माझ्या डोळ्यात आहे. अजून थोडा लाल चढव.

शेवटी जो फोटो निघाला तो बघवत नव्हता. मी मान हलवली.

साहेब आले, कागद पाहून तोंड फिरवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, कामाची अशी कळकळ हवी.

६ मार्च, शुक्रवार

फार मोठा निकाल लागला!

छापलेल्या कागदाची पट्टी कापून खिशात घातली. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर डोकं रंगाच्या पेटीत घातलं, चमच्याने गाल ओढून धरला आणि हिच्या पावडरच्या डबीतला आरसा समोर धरला. शेजारी पट्टी. शांतपणे, शास्त्रशुद्ध पद्धतीने तुलना केली.

माझा डाग पट्टीवरच्यापेक्षा दोन शेड हलका आहे. लाल तर नाहीच. इतकी वर्षं रंग बघतोय, माझा डोळा फसणार नाही. पट्टीवरचं ते धोक्याचं, माझं हे नुसतं गरम चहाचं.

छातीवरचा दगड उतरला. खाली जाऊन एक ओढली. चार दिवसांच्या टेन्शनवर एक, याला ओढणं म्हणत नाहीत.

९ मार्च, सोमवार

बाथरूममधला दिवा बदलला. आधीचा पांढरा डोळ्यांना त्रास द्यायचा. आता मऊ पिवळा उजेड आहे, डाग दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. कन्या कुरकुरते. या उजेडात तिचं तोंड कावीळ झाल्यासारखं दिसतं, कॉलेजात कोण विचारेल म्हणे. कावीळ नाही ना झालेली? मग झालं.

हिने दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टॉवेल वाळत घातला.

११ मार्च, बुधवार

माणसं दोन प्रकारची. ओढणारी आणि सोडत असलेली. मी दुसऱ्यांत येतो.

नवी पद्धत: प्रत्येक सिगारेट कात्रीने अर्धी करायची. परिणाम उत्तम. पूर्वीपेक्षा निम्मी ओढतो. फक्त जास्त वेळा ओढावी लागते.

लिफ्ट बंद होती. जिन्यात दोनदा थांबलो. एकदा मोबाईल बघायला, एकदा खिडकीतून बाहेर. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या आजी माझ्या मागून येऊन पुढे गेल्या. हातात भाजीची पिशवी. त्यांनी वर पोचून विचारलं, बरं वाटत नाही का? मी हसलो. हसल्यावर जो खोकला सुरू झाला तो घरात शिरेपर्यंत.

१४ मार्च, शनिवार

फोटोतला तो माणूस कोण असेल?

हे डोक्यातून जात नाही. कामाला जात असेल, घरी बायको असेल. त्यालाही वाटलं असेल, गरम चहा. दुखत नाही म्हणाला असेल. मग एके दिवशी कुणीतरी त्याला तोंड उघडायला सांगितलं आणि फोटो काढला. आता तो सगळ्या टपऱ्यांवर लटकतोय. तो आहे की गेला, ते पाकिटावर छापत नाहीत.

भीती वाटते. हे इथे लिहितो, कारण इथे कुणी बघत नाही.

पट्टी काढून परत बघितली. दोन शेड हलका. नक्की.

१७ मार्च, मंगळवार

पेटीत डोकं, गालात चमचा, अशा अवस्थेत इंजिनने पकडलं.

मी म्हणालो, दाढेत काहीतरी अडकलंय. तो स्टुलावर बसला. म्हणाला, मलाही छातीत गॅसच झाला होता. वर्षभर गॅस होता. मग म्हणाला, डॉक्टरला दाखवा, कागदाला काय दाखवताय?

मी त्याला समजावलं की त्याची गोष्ट सोपी होती. नळी घातली, कारण मिळालं, सोडली. माझ्याकडे तसं काही ठोस कारणच नाही. विनाकारण सोडायची म्हणजे मनाचा केवढा निग्रह लागतो! तो स्टुलावरून उठला. मग मशीन पुसायला गेला.

१९ मार्च, गुरुवार

वाईट दिवस. सगळं नीट लिहायला हवं, पण हात चालत नाही.

आरोग्य खात्याच्या मॅडम तपासणीला आल्या. कपाटातून मास्टर काढायला लावला. मी छापलेला कागद आणि मास्टर पेटीत शेजारी ठेवले. साहेब, इंजिन, मी, सगळे उभे.

मॅडम म्हणाल्या, हे काय केलंत? इतका भडक? साहेब कौतुकाने म्हणाले, मुद्दाम केलाय, बघणाऱ्याला भीती वाटावी म्हणून. मॅडम म्हणाल्या, उलट होतं. एवढं भयंकर चित्र बघितलं की ओढणारा म्हणतो, माझं काही एवढं नाही, आणि निवांत दुसरी पेटवतो. म्हणून तर आम्ही हा सुरुवातीचा डाग शोधून काढला होता. ज्याच्या तोंडात असा आहे त्याने ओळखावा आणि वेळेवर डॉक्टरकडे जावं, एवढ्यासाठी.

जीभ डाव्या गालाला लागलेली होती.

उरलेलं काम थांबवलं. पहिला लॉट केव्हाच बाजारात गेलाय. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, मास्टर डोळ्यात होता ना तुझ्या?

सगळे गेल्यावर पेटी चालू ठेवली. चमचा, आरसा. पण या वेळी पट्टी नाही, मास्टर.

फरक नाही. कडेला जरा लालसर, मधे सुरकुतलेला पांढरा. तंतोतंत. अशा कागदावर मी एका सेकंदात मान हलवली असती.

२० मार्च, शुक्रवार

कामावर गेलो नाही.

शांतपणे विचार केला. कॅन्सर असेल तर आता सोडून उपयोग काय? आणि नसेल तर सोडायची गरज काय? दोन्ही बाजूंनी बघता डॉक्टरकडे जाण्यात अर्थ नाही. विचार इतका बिनतोड होता की दोन अर्ध्या ओढल्या. दुसरी पेटवताना लायटर तीनदा विझला.

दातांच्या डॉक्टरला फोन लावला. पलीकडून बाई म्हणाल्या, नाव सांगा. मी फोन ठेवला. राँग नंबर असावा.

२१ मार्च, शनिवार

हिला सगळं माहीत आहे.

चहा देताना सरळ म्हणाली, सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जायचंय, मी रजा घेतली आहे. कसला डॉक्टर, विचारलं. म्हणाली, तुम्ही तोंड उघडं टाकून घोरता. महिनाभर मोबाईलच्या उजेडात बघतेय मी तो डाग. वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. सांगितलं तर नाहीच, वर दिवा बदललात.

मला राग आला. झोपलेल्या माणसाच्या तोंडात असं बघायचं असतं का? तसं म्हणालोसुद्धा. ती ओट्याकडे वळली आणि नळ सोडला. भांडी घासलेलीच होती. नळ बराच वेळ चालू होता.

मग मी जाऊन तिच्याजवळ उभा राहिलो. तिने विचारलं, दुखतं का? मी नाही म्हणालो. ती म्हणाली, दुखलं असतं तर बरं झालं असतं.

२३ मार्च, सोमवार

डॉक्टर तरुण आहेत. हातमोजे घालून गाल ओढला, बराच वेळ गप्प राहिले. डॉक्टर गप्प राहिले की खुर्चीचे हात घट्ट धरावेत, हे आज कळलं.

विचारलं, किती ओढता? म्हणालो, फक्त अर्ध्या. ते म्हणाले, अर्धी ओढली म्हणून अर्धाच आजार होत नाही. मग सांगितलं: हा डाग म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण याचाच पुढे कॅन्सर होऊ शकतो. बारीक तुकडा काढून तपासायला पाठवू. पूर्ण सोडलीत तर कित्येकांचा डाग फिका पडतो, कधी जातोही. ओढत राहिलात तर कुणी कसलीच खात्री देणार नाही. फुप्फुसं, हृदय यांचं मी बोलतच नाही, म्हणाले, माझं खातं फक्त तोंडाचं.

मग त्यांनी मोबाईलने गालाचा फोटो काढला. दर वेळी याच्याशी ताडून बघू, म्हणाले. म्हणजे मास्टर.

फोटो स्क्रीनवर दाखवला. सगळं छान गुलाबी. डाग जेमतेम दिसत होता. ही पुढे वाकली आणि तिने श्वास सोडला. म्हणाली, एवढा काही नाहीये मग. तिचा चेहरा असा उजळलेला मी किती दिवसांत पाहिला नव्हता.

गप्प बसता आलं असतं. पुढच्या वेळी म्हणता आलं असतं, बघा, होता तेवढाच आहे.

मी म्हणालो, डॉक्टर, फोटो चुकलाय. खुर्चीवरचा दिवा पिवळा आहे, तो बंद करा. खिडकीपाशी घ्या. डॉक्टरांना गंमत वाटली, पण घेतला. दुसऱ्या फोटोत सगळं आलं. कडेची लाली, सुरकुत्या, सगळं. मी मान हलवली.

हिने माझा दंड धरला. सुई टोचेपर्यंत सोडला नाही.

३० मार्च, सोमवार

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून नाही. पेशी बिघडायला लागल्या आहेत. आज सोडा, लेसरने डाग काढू, दर तीन महिन्यांनी येऊन दाखवा. मी आधी फक्त ‘नाही’ ऐकलं होतं. ‘अजून’ हिने ऐकलं होतं. जिन्यात तिने तो शब्द मला परत ऐकवला आणि मग जिन्यातच बसली. मीही बसलो. तिथे दोघं रडलो. कुणीतरी बाजूने वर गेलं.

बाहेर आल्यावर तिने हात पुढे केला. म्हणाली, पाकीट. मी म्हणालो, पाकीट कसलं, आठ दिवसांपासून बंद आहे. ती हात तसाच धरून उभी राहिली. दिलं.

आमच्याच पहिल्या लॉटमधलं निघालं. तिने वरचा फोटो नीट बघितला. म्हणाली, असं नव्हतं हो तुमचं, हा रंग कुणी केला? मी म्हणालो, मी. तिने पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं. मी बघत राहिलो. आत चार अख्ख्या होत्या.

बाथरूममध्ये पांढरा दिवा परत लावला. आता त्याखाली उभा राहून आलोय. भीती वाटते, पण आता खरंच सोडली. संपलं. आज मनावर कसलं ओझं नाही.

लायटर खिशातच आहे. तो तिने मागितला नव्हता.