यंदाचे बटाटे माझ्याकडे

१ मे
काल सायमीच्या घरी जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, यंदा जूनमध्ये युहान्नुसला, म्हणजे इथल्या फिनलंडच्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, नवे बटाटे माझ्याकडे. बाल्कनीत, बादल्यांमध्ये. सायमीने टेबलाखालून लाथ मारली. तिचे बाबा तौनो म्हणाले, "बरं जावईबापू, मग मी लावत नाही." लग्नाचा अजून पत्ता नाही, म्हणजे टोमणाच. दाखवतोच यांना.

३ मे
बेणं आणलं. शेजारच्या हिल्काबाई म्हणाल्या, आधी कोंब येऊ दे. त्यांचे बटाटे मार्चपासून खिडकीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये बसलेत. बटाट्यांची बालवाडी! मी व्हिडिओ बघितलेत.

९ मे
लावले. बादल्यांचा कलर ठरत नव्हता म्हणून उशीर. काळा. क्लासी दिसतो.

२६ मे
पानं आली. खत डबल टाकलं. पाकिटावरचं प्रमाण घाबरट लोकांसाठी असतं.

५ जून
पाला गुडघ्याएवढा. हिल्काबाईंचा जेमतेम वीतभर. तौनोंना फोटो पाठवला. रिप्लाय आला, "सणाला पाला खायचा आहे का?" जळतात.

११ जून
एक झाड उपटून बघितलं. क्वालिटी चेक. मुळांना वाटाण्याएवढं काहीतरी होतं. परत खोचून ठेवलं.

१४ जून
बाकीचीही चेक केली. आता सगळी माना टाकून बसलीत. वारा फार आहे इथे. ही बिल्डिंग बांधणाऱ्याला अक्कल नव्हती.

१८ जून
हिल्काबाई लिफ्टपाशी पिशवी घेऊन उभ्या. त्यांचे नवे बटाटे. "घेऊन जा रे, मला एकटीला किती लागणार?" नको म्हटलं. उपकार नकोत. उद्या दुकानातून आणीन, कोणाला कळतंय.

१९ जून, संध्याकाळ
दुकानात नवे संपले. सगळं फिनलंड एकाच दिवशी बटाटे घेतं, प्लॅनिंग शून्य. जुन्यातलेच बारीक बारीक निवडून आणले, बादलीतल्या मातीत घोळले. ओरिजिनल दिसतात. सायमीने विचारलं, आपलेच ना? म्हटलं, बादलीतूनच काढलेत. खोटं काय त्यात.

२० जून
तळ्याकाठचं त्यांचं घर. खारवलेले मासे, शेपू, लोणी, सगळं टेबलावर. सगळे माझ्या पिशवीसाठी थांबलेले. तौनोंनी एक बटाटा घेतला, पाण्यात बुडवला, सालीवर अंगठा घासला. साल हलेना. दुसरा घेतला. तिसरा.
मग म्हणाले, "जावईबापू, यांनी अख्खा हिवाळा काढलाय."
सायमी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. तौनो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे गेले आणि एक जुनी, कान तुटलेली बादली घेऊन आले. माझ्यासमोर पालथी केली. मातीतून नवे बटाटे घरंगळले. मी शब्द दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते घरात या बादलीत लावले होते म्हणे, कोंब एप्रिलमध्येच आणलेले. माणसावर विश्वास म्हणून नाही.
धुवायचं काम मला दिलं. अंगठा लावला की साल सुटत होती.
म्हणजे बादलीत येतात बटाटे. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.