घरचं आणि कामाचं

२३ नोव्हेंबर, रविवार

तोंड दाखवायला जागा राहिली नाही! आज इथंच पूर्णा गावात, बन्सीधररावांच्या मुलीचं लग्न. अक्षतांच्या आधी मोठ्या स्क्रीनवर नवरा-नवरीचा व्हिडिओ लावला. शूटिंग माझं, मिक्सिंगही माझंच. गाणं रंगात आलेलं, नवरी झोक्यावर, नवरा मागं — आणि एकदम राजेश्री! दवाखान्याची खाट, तोंडात नळी. माझी बायको. आषाढात गेलेली.

बंद करेपर्यंत सगळ्या मांडवानं बघितलं. अख्खी पूर्णा ओळखते तिला, लग्नालग्नात माझ्यासोबत असायची. नवरीची आत्या दगडाबाई किंचाळल्या, "मेलेल्या बाईचं तोंड दाखवायलास का रं लेकराला!" नवरीची आई रडायला लागली. बन्सीधररावांनी नुसते हात जोडले. जा म्हणाले.

२४ नोव्हेंबर

चूक माझीच. मोबाईल भरला म्हणून दवाखान्यातल्या क्लिपा कॉम्प्युटरवर टाकल्या होत्या — नेमक्या ह्या लग्नाच्याच फोल्डरात. घाईघाईत अख्खा फोल्डर उचलून मिक्सिंगला लावला. एकदा शेवटपर्यंत बघायचं, तेही केलं नाही. एकच कॉम्प्युटर. लोकांची लग्नं, आमचं आजारपण, लाईटबिलं, सगळं एकाच पोत्यात कोंबलेलं. चंद्रभान, तू अकलेचा कांदा हायस!

२६ नोव्हेंबर

पुण्याहून ज्ञानेश्वरीचा फोन. लेक तिकडं कॉम्प्युटरचंच काम करते. तिला कुणी कळवलं देव जाणे. रागावली नाही. तेच जास्त लागलं. म्हणाली, "बाबा, घरचं आणि कामाचं आता वेगळं करा. दोन खाती, दोन पासवर्ड." आणि वर, "गिऱ्हाइकाला पेनड्राइव्ह दिला की त्यांचं कच्चं शूटिंग उडवून टाकायचं. लोकांच्या लेकीबाळींची हळद, न्हाणं — आपल्याकडं कशाला पाहिजे ते? उद्या कॉम्प्युटर चोरीला गेला तर?"

खरंय. लय खरंय. इतकी वर्षं धंदा करतोय, कधी डोक्यात आलं नाही. तिनं फोनवरून सांगितलं, मी केलं. एक खातं 'घर', एक 'काम'. घरच्या डिस्कला कुलूप. पासवर्ड राजेश्रीचं माहेरचं आडनाव.

२७ नोव्हेंबर

दिवसभर तेच. दवाखान्यातल्या क्लिपा 'घर'मध्ये हलवल्या. न बघताच. बघायची हिंमत नाही. दुसरं घरचं काही सापडलंच नाही. लोकांची लग्नं करून आलं की कॅमेऱ्याचा वीट यायचा, घरात कधी काढलाच नाही.

मग 'काम'. चारठाण्याची लग्नं, जिंतूरची, गंगाखेडची, ज्यांचे पेनड्राइव्ह देऊन झालेत ती सगळी. एकेक उघडत बसलो असतो तर आठवडा गेला असता. सगळी एकदम निवडली आणि उडवली. कामाच्या डिस्कवरची ती जागाही कोरी करून घेतली, उडवलेलं परत निघायला नको.

बरं वाटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा एखादं काम नीट झालं. आता कुणाच्या मांडवात ती चुकून यायची नाही.

२८ नोव्हेंबर

बन्सीधररावांकडं माफी मागायला गेलो. दगडाबाईच बाहेर आल्या. "आता आनिक काय दाखवायला आलास?" मान खाली घालून उभा राहिलो. मग म्हणाल्या, "बस. च्या घे." निघताना म्हणतात कशा, "बाई सोन्यासारखी होती रं. आमच्या सुनेचा पदर तिनंच नीट लावला होता लग्नात." गल्ली ओलांडली आणि रडलो. भर रस्त्यात.

३० नोव्हेंबर

पोखर्णीचं लग्न. काय खाक शूटिंग केलं! नवरीची मान प्रत्येक शॉटात खाली. राजेश्री असती तर लाईट धरल्या धरल्या ओरडली असती — "ए नवरी, मान वर कर की! जमीन काय पळून जायलीय का?" सगळा मांडव हसायचा. मी खेकसायचो, बोलू नको, शूटिंगमध्ये आवाज येतो. "मग टाका की वरून गानं!" म्हणायची.

टाकायचोच. एकाही गिऱ्हाइकाला तिचा आवाज ऐकू जाऊ दिला नाही.

४ डिसेंबर

अजून दोन लग्नं झाली. त्याच कोऱ्या जागेत भरली. स्वयंपाक केला नाही. कुणासाठी करायचा?

६ डिसेंबर, शनिवार

ज्ञानेश्वरीचा फोन. जेवलात का विचारलं. मग म्हणाली, "बाबा, आईचा आवाज आठवंना गेलाय मला. माझा जुना मोबाईलपण गेला. तिच्या बोलण्याची एखादी क्लिप पाठवा ना."

पाठवतो म्हणालो. 'घर' उघडलं. आज एकेक क्लिप बघितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळ्यांत तोंडात नळी. एकीतही ती बोलत नाही.

तिचं बोलणं सगळं 'काम'मध्ये होतं.